पुस्तक धरणारी मुलगी

हल्ली व्यासपीठावर माझी ओळख करून देणारा माणूस माझी दोन कामं सांगतो, अभिनेत्री आणि पटकथालेखिका. मधला ‘आणि’ म्हणताना तो जरा अडखळतो, जणू दोन बायका येणार होत्या आणि त्याच्याकडं खुर्ची एकच आहे. मग श्रोत्यांतून कुणीतरी विचारतंच, की तुम्ही हे दोन्ही कसं जमवता? मला या प्रश्नाचा राग येतो. स्वयंपाक करणारीनं जेवायला बसू नये असा काही नियम आहे का? मी ज्या जागी अभिनय शिकले त्याच जागी लिहायला शिकले. ती जागा म्हणजे नाशिकच्या नाट्यगृहातली डावीकडची विंग. तिथं एक डुगडुगतं स्टूल होतं, कागद बांधून मंद केलेला एक दिवा होता आणि माझ्या मांडीवर दुसऱ्याचं नाटक होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमचा मळा मखमलाबादकडं. मेथी, पालक, कोथिंबीर आणि बांधाकडच्या वाफ्यात झेंडू. आई पंचवटीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि मी कॉलेजला जाता जाता तिला जुड्या बांधायला मदत करायची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना दिंडोरीहून एक स्थळ आलं. द्राक्षाची बाग, दारात ट्रॅक्टर, मुलगा शिकलेला, दिसायला बरा. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, हीच मोठी अडचण होती. मी नुकतीच एका हौशी नाटक मंडळात जाऊ लागले होते आणि मला नाटकच करायचं होतं. मी घरात तसं सांगून टाकलं. आईनं हातातली जुडी अर्धवट बांधलेलीच खाली ठेवली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तावातावानं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, “एक वरीस देतो. तुझं ते नाटक मी सोता येऊन बघीन. बघन्यासारकं आसलं तर बोलू. नसलं तर दिंडोरीचं पक्कं.”

एवढ्यावर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. आणि इकडं मंडळानं मला वर्षभर स्टेजवर पाऊल ठेवू द्यायचं नाही असं ठरवलेलं होतं.

त्यात त्यांचा माझ्यावर काही राग नव्हता. ती त्यांची पद्धतच होती. मंडळात सगळे नोकरदार. दिग्दर्शक वीज खात्यात, नायक बँकेत, नायिका एका शाळेत शिक्षिका. मुली यायच्या, चार तालमी करायच्या आणि लग्न ठरलं की पत्रिका घेऊन परत यायच्या. ऐन स्पर्धेच्या तोंडावर नवी बाई शोधून शोधून ते थकलेले. म्हणून नियम केला होता, की नव्या मुलीनं पहिलं वर्ष पुस्तक धरायचं. पुस्तक धरायचं म्हणजे तालमीत आणि प्रयोगात विंगेत बसून संहिता समोर ठेवायची आणि कुणी अडलं की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये आणि नटाला मात्र गेलंच पाहिजे. माझा आवाज बाजारात तयार झालेला, त्याला हळू बोलायची सवयच नव्हती. दिग्दर्शक म्हणाले, “तू भाजी विकत नाहीयेस, गुपित सांगतेयस.” हे मला एकदम कळलं. अभिनयाचा तो माझा पहिला धडा आणि आजही मला तेवढाच पुरतो.

आमचे नायक दिसायला राजबिंडे. स्टेजवर आले की पहिल्या तीन रांगा सरसावून बसायच्या. पाठांतर मात्र शून्य. बँकेत दिवसभर नोटा मोजून आल्यावर डोक्यात अक्षर शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते सरळ माझ्या विंगेकडं कान करून उभे राहायचे, आणि मी जे देईन ते असं काही झोकात फेकायचे की आत्ताच मनात आलं असं वाटावं. नाटक लिहिलेलं होतं एका प्राध्यापकांनी. भला माणूस, पण त्यांच्या नाटकात कुणी पाणी मागितलं तरी परिच्छेद व्हायचा. एवढी लांबलचक वाक्यं हळू आवाजात पुरवणं म्हणजे दमछाक. एका तालमीत मला खोकला झालेला, म्हणून मी वाक्याचा अर्धाच भाग दिला. नायकांनी अर्धाच म्हटला. कोपऱ्यात चहा ओतणारा माणूस हसला. त्याआधी त्या वाक्याला कुणी कधी हसलं नव्हतं.

मग काय, मला चटकच लागली. आज एखादं विशेषण गाळ, उद्या एखादं वाक्य उलटं फिरव, परवा सगळंच नवं दे. नायक बिनधास्त घ्यायचे. त्यांना वाटायचं असंच लिहिलंय. दिग्दर्शकांना वाटायचं नायकाला उत्स्फूर्त सुचतंय. ते त्यांची पाठ थोपटायचे आणि नायक विनयानं मान खाली घालायचे. मला आतून गुदगुल्या व्हायच्या. प्राध्यापक तालमीला येत नसत. एकदा लिहिलं की लेखकानं लुडबूड करू नये, अशा मताचे ते होते. हे मत मला फार आवडायचं.

हौशी नाटकांच्या स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिकलाच होती. अण्णा बघायला येणार होते. पांढरेशुभ्र कपडे, इस्त्रीची टोपी, आणि बाजारातल्या ओळखीच्या एकाला सोबत घेऊन ते पाचव्या रांगेत बसले. मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि स्टुलावर जाऊन बसले.

नाटकाची गोष्ट साधी होती. कारखाना बंद पडून नायकाची नोकरी गेलेली आहे आणि त्यानं ते बायकोला सांगितलेलं नाही. तो रोज डबा घेऊन बाहेर पडतो. दुसऱ्या अंकात बायकोला कळतं आणि ती विचारते, “रोज डबा घेऊन जाता कुठे?” यावर प्राध्यापकांनी नायकाला दीड पानाचं स्वगत दिलं होतं. त्यात चक्रव्यूह होता, वादळ होतं, आणि शेवट ‘पराभूत योद्धा’ या शब्दांवर होता. त्या संध्याकाळी नायक ते ऐकायला माझ्याकडं कान करून उभे राहिले, आणि माझ्या तोंडून चक्रव्यूह निघेचना. भर दुपारी डबा घेऊन बाहेर बसलेला माणूस मला दिसत होता. मी म्हटलं, “गंगेवर. मेथी गार झाली तरी बरी लागते.”

गोदावरीला आम्ही नाशिकचे लोक गंगाच म्हणतो. नायकांनी ते वाक्य हलकेच टाकलं. आधी हशा आला आणि मग तो मध्येच थांबला. 

आणि मग मला कळलं आपण काय करून बसलोय ते. नायिका उजव्या बाजूला उभी होती. तिचं पाठांतर पाढ्यासारखं. ‘पराभूत योद्धा’ ऐकलं की तिचं वाक्य सुरू व्हायचं, आणि तो योद्धा तर आलाच नव्हता. ती वाट बघत उभी. नायक माझ्याकडं कान करून उभे. तिला माझा आवाज पोचणं शक्य नव्हतं. मी चपला काढल्या, मागच्या पडद्याआडून पळत उजव्या विंगेत गेले आणि तिला म्हटलं, “कुणाबरोबर जेवता?” तिनं क्षणभर डोळे मिटले आणि विचारलं. मी परत पळत डावीकडं. “कुत्र्याबरोबर. त्याला तुझ्या हातचं आवडतं.” परत उजवीकडं. आता माझ्या छातीचा भाता झाला होता आणि मला एकही मोठं वाक्य देणं शक्य नव्हतं, म्हणून जे सुचलं ते छोटंच सुचलं. “उद्यापासून दोन पोळ्या जास्त देते.”

नायिकेनं ते म्हटलं आणि डबा उचलून आत गेली. टाळ्या थांबेनात. मी उजव्या विंगेत गुडघ्यात डोकं घालून धापा टाकत बसले होते आणि आतून एक आवाज सांगत होता, की हे आपलं आहे, हे आपल्याला येतं. त्या दिवसापासून आजवर मला त्याबद्दल कधी शंका आलेली नाही.

नायिका ग्रीनरूममध्ये आली आणि माझा दंड धरून म्हणाली, “परत मला असं एकटीला उभं ठेवलंस तर थोबाडीत देईन.” मग दंड न सोडताच म्हणाली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला स्टेजवर बोलायला काहीतरी मिळालं.”

बाहेर अण्णा मोटरसायकलला टेकून उभे होते. तोंडावर नाराजी.

“तू व्हती कुठं?” त्यांनी विचारलं. “पार शेवटपोत्तर बघत बसलो, तू आलीच नाय.”

“मी विंगेत होते, अण्णा. पडद्याआड. मी सांगत होते ते हे लोक बोलत होते.”

“ते डब्याचं?”

“माझं.”

“मेथीचं?”

“माझंच. पुस्तकात नव्हतं ते.”

“कुत्र्याचंबी?”

“हो.”

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “आन् टाळ्या त्याला?”

“हो.”

“आन् वर नाव त्या मास्तरचं?”

मी मान हलवली. मार्केटात माल विकला की ज्याचा माल त्याच्या नावानं पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, फाडतात, हे आमच्या घरात रोजचं. अण्णांचा चेहरा बघता बघता लाल झाला. “माल आपला आन् पट्टी दुसऱ्याच्या नावावर? आसं कुठं आसतंय व्हय?” मी काही बोलणार तोच म्हणाले, “दिंडोरीवाल्यांना सांगतो, थोडं थांबा म्हनून. आधी हे मिटव तू. मंग लग्नाचं बघू.”

म्हणजे ज्या माणसाला मी नाटक सोडावं असं वाटत होतं, तोच माझ्यापेक्षा जास्त भडकला होता. मला हसू येत होतं आणि त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती.

निकाल लागला. आमचं नाटक अंतिम फेरीसाठी निवडलं गेलं आणि लेखनाचं बक्षीस प्राध्यापकांना मिळालं. परीक्षकांनी डब्याच्या प्रसंगाचं खास कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेज रोडला प्राध्यापकांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं चिवडा दिला. नायिकेनं त्यांना माझं सगळं सांगितलेलं होतं. प्राध्यापक स्वतःहूनच म्हणाले, “तो प्रसंग माझा नव्हता, हे मला ठाऊक आहे. मी तिथं बसलो होतो. चांगला होता.” माणूस खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन.

“मग माझं नाव लावा,” मी म्हटलं.

“आभारात घेऊ की.”

“आभारात चहावाल्याचंही नाव असतं, सर. मला लेखनात हवंय.”

त्यांनी चष्मा पुसला. नाटक म्हणजे चार ओळी नव्हेत, त्याचा सांगाडा लागतो, विचार लागतो, असं बरंच समजावलं. शेवटी म्हणाले, संहिता एका नावानं पाठवून झाली आहे, आता बदल होणार नाही. मी म्हटलं, “ठीक आहे. मग अंतिम फेरीत तुमचीच संहिता होईल. अक्षर न् अक्षर.” त्यांना वाटलं मी माघार घेतली. खूष होऊन त्यांनी मला आणखी चिवडा वाढायला सांगितलं आणि मी तो खाल्ला.

न भांडता चिवडा खायचा आणि वाट बघायची, हा धडा मला पुढच्या आयुष्यात फार उपयोगी पडला. दोन हजारनंतर मी मुंबईला गेले. रोजच्या मालिकांचे दिवस होते. सीनचे कागद मेकअप चालू असताना हातात यायचे आणि शाईसुद्धा ओली असायची. एका मालिकेत मी मोठी जाऊ होते. आठवडाभर सुट्टी मागितली म्हणून निर्मात्यानं मला जिन्यावरून पाडून मारून टाकलं. पुढं टीआरपी घसरला आणि त्याच मालिकेचे संवाद लिहायला त्यानं मलाच बोलावलं. मी आनंदानं गेले आणि सगळ्यात आधी तो जिना गोष्टीतून काढून टाकला. नंतर सिनेमा लिहिला, त्यात पेढेवाल्याच्या बायकोचं काम स्वतःसाठी ठेवलं, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर शूटिंग केलं, आणि दोन्ही कामांची बक्षिसं घेतली. लोक विचारतात, स्वतःच स्वतःला भूमिका लिहिता, लाज नाही वाटत? अजिबात वाटत नाही. दुसऱ्यांनी माझ्यासाठी काय लिहिलं असतं ते मी वाचलेलं आहे.

तर अंतिम फेरी. ती मुंबईत होती. जाताना गाडीत मी नायिकेला सगळं सांगून टाकलं. तिनं विचारलं, “म्हणजे मी पाठ केलंय तेच बोलायचं?” मी हो म्हटलं. “ते मला येतं,” ती शांतपणे म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. नायकांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांना सांगून उपयोगही नव्हता, ते काय पाठ करणार होते?

पडदा उघडला आणि मी पुस्तकातलं एकेक वाक्य प्रामाणिकपणे पुरवू लागले. स्वल्पविरामसुद्धा गाळला नाही. नायक बिचारे प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडं बघत, की पुढं काही चांगलं येतंय का. पहिल्या अंकात लोक खोकले. दुसऱ्या अंकात खुर्च्या कुरकुरल्या. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? हे माझेच लोक होते आणि एवढ्या लांब येऊन आपटत होते. पण वाईट वाटलं म्हणून मी एक शब्दही बदलला नाही.

डब्याचा प्रसंग आला. नायिकेनं विचारलं, “रोज डबा घेऊन जाता कुठे?” नायकांनी कान केला. मी चक्रव्यूहाचं पहिलं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात माझ्या खांद्याशी कुणीतरी वाकलं. प्राध्यापक. प्रेक्षागृहातून उठून, बाजूच्या दारानं, अंधारात ठेचकाळत आलेले. कपाळावर घाम.

“तुझं सांग,” ते म्हणाले.

मी पुस्तकावरचं बोट काढलं नाही. “नाव कुणाचं लागणार?”

स्टेजवर नायकांनी वेळ काढायला डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं.

“दोघांचं,” प्राध्यापक म्हणाले.

“आधी कुणाचं?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तसं त्याआधी कुणीच बघितलं नव्हतं. त्यात राग होता आणि थोडं हसूही होतं. नायकांनी झाकण पुन्हा उघडलं.

“तुझं. आता बोल बाई, लवकर.”

मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, “गंगेवर. मेथी गार झाली तरी बरी लागते.” नायिकेला त्या प्रसंगातली तिची दोन्ही नवी वाक्यं तोंडपाठ होती, त्यामुळं मला पळावं लागलं नाही. लोक हसले, मग गप्प झाले, मग टाळ्या आल्या. नंबर काही आला नाही. पहिला अंक माझ्या प्रामाणिकपणानं पार मेला होता. मला त्याचं दुःख झालं नाही.

प्राध्यापकांनी शब्द पाळला. काही आठवड्यांनी नाशिकला तिकीट लावून प्रयोग केला, आणि त्याच्या जाहिरातीत लेखकांमध्ये आधी माझं नाव होतं, मग त्यांचं. अण्णांनी तो पेपर बाजारात चार ठिकाणी दाखवला आणि प्रयोगाला दिंडोरीच्या पाहुण्यांनाच घेऊन आले. मुलाचे वडील आणि चुलते. अण्णांच्या मनात काय होतं ते मला कळेना. मुलगी दाखवायची होती, की मुलीचं काम दाखवायचं होतं? तिसरी घंटा झाली, निवेदकानं माझं नाव घेतलं आणि मी विंगेत माझ्या स्टुलावर बसून राहिले. आज बाहेर काय ठरणार आहे या विचारात मी पुस्तक उलटं धरलं होतं.

प्रयोगानंतर मी बाहेर आले तेव्हा तिघं मोटरसायकलजवळ उभे होते. मुलाचे वडील मनापासून हसलेले दिसत होते. चांगला माणूस. मला म्हणाले, “लय झ्याक लिवलं बाई तू. कुत्र्याचं तर लयच.” मग अण्णांकडं वळून म्हणाले, “पोरगी हुशार हाय, आम्हाला पसंत हाय. फकस्त एक हाय. आमच्याकडं आली का हे नाटकाचं बंद करावं लागंल. बाग आसती, छाटनी आसती, माणसांचा राबता आसतो. जमनार नाय.”

मी अण्णांकडं बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

“मंग राहू द्या,” अण्णा म्हणाले. मार्केटातल्या एखाद्या आडत्यानं पडेल भाव सांगितल्यावर ते जसं म्हणायचे, अगदी तसंच, आवाज न चढवता.

पाहुणे गोंधळले. “आवो, आसं लगीच तोडू नका. चार दिस इचार करा.”

“केला,” अण्णा म्हणाले आणि गाडीला किक मारली.

मी मागं बसले आणि पंचवटीचा पूल येईपर्यंत त्यांच्या पाठीला कपाळ टेकवून रडत राहिले. त्या एका शब्दाइतका चांगला संवाद मला अजून लिहिता आलेला नाही.